निळे अंगठे

"हा कागद कोणी भरला तेवढं शोधा. उद्या त्याला हाकलतो."

कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मालकाने कागद आक्कापुढे आपटला. कामगारांच्या मनःस्वास्थ्याची प्रश्नावली. 'कामावर यायची भीती वाटते' यापुढे 'नेहमी'वर खूण. कोपऱ्यात निळा अंगठा.

"बाकी सगळे सुखी आहेत. हा एकच माझ्या टेबलावर सापडला."

"नाव न लिहिता मोकळेपणाने भरा म्हणालात ना?"

"म्हणालो."

"आणि मोकळेपणाने भरला म्हणून हाकलणार. छान."

आक्का खासगी तपासनीस. धाकटा भाऊ ढोल्या तिची पिशवी सांभाळायचा आणि प्रश्न विचारायचा, बहुतेक उशिरा.

आधी मुकादम भेटला. त्याच्याशी हात मिळवला आणि ढोल्याचा पंजा निळा झाला.

"साबणाने जायचं नाही, साहेब. आठवडाभर मिरवा!" मुकादम हसला. "कागद आम्ही सगळ्यांनी रंगाच्या हौदापाशीच भरले, कामातून उठून. पेटी कामगार अधिकाऱ्यांनी नेली."

हौद ढवळणाऱ्या मावशीचे हात कोपरापर्यंत निळे होते. "मी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी भरला, मालकांच्या टेबलावर..." ती थबकली. "बाई, मला काढलं तर पोरीचं कॉलेज सुटेल हो."

"मी काही ऐकलं नाही. ढोल्या, तू?"

"काय ऐकायचं होतं?"

कामगार अधिकारी मालकाचा मेहुणा. शर्टाच्या बाह्या पांढऱ्याशुभ्र, नखंसुद्धा. "आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण! पेटीची किल्ली? माझ्याकडेच असते."

आक्काने सगळ्यांना मालकाच्या खोलीत बोलावलं.

"अंगठ्यावरून सापडला ना?" मालकाने विचारलं.

"अंगठ्यावरूनच. हा सुखी लोकांचा गठ्ठा बघा. एक तरी डाग आहे?"

"नाही. स्वच्छ आहे."

"तेच तर. ढोल्या, हात दाखव. नुसता हात मिळवला तर हे. मग हौदापाशी भरलेले कागद इतके स्वच्छ कसे? म्हणजे हे बदललेले. मुकादमाने बदलले असते तरी डाग पडले असते. किल्ली एकाकडे आणि हातही एकाचेच स्वच्छ."

मेहुण्याने मान खाली घातली. "दाजी, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच भरले. खरे कपाटात आहेत. जाळायचा धीर झाला नाही."

खरा गठ्ठा आला. प्रत्येक कागदावर निळा अंगठा. प्रत्येकावर त्याच ओळीपुढे तीच खूण.

मालक बराच वेळ वाचत राहिला. मग सवयीने म्हणाला, "पण तो एक कोणाचा?"

आक्काने तो कागद गठ्ठ्यात खुपसला, पत्त्यांसारखा पिसला आणि पुढे सरकवला.

"घ्या, शोधा. नाहीतर सगळ्यांनाच काढा. हौद ढवळायला मेहुणा आहेच."

दारात उभ्या मावशीने कोपरापर्यंत निळे हात पदरातून बाहेर काढले.