सातव्या पिंपाजवळ

सेलीन निघाली होती ती आपल्या भावाला घरी आणायला. भाऊ तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, पण त्याचं वय अकराव्या दिवशीच थांबलेलं. उत्तरेतल्या सोन्याच्या खाणीवर बाप कामाला होता, आईही तिथंच राहत होती, तेव्हा बाळाला ताप आला. धुक्यात विमान उतरू शकलं नाही. बापानं त्याला धावपट्टीच्या उजव्या कडेला पुरलं, कडेच्या खुणेसाठी ओळीनं ठेवलेली पिंपं तळ्याकडून मोजत गेलं की सातव्या पिंपाजवळ. पुढे खाण बंद पडली, बाप गेला. आता या उन्हाळ्यात खाणीची जागा साफ करायला यंत्रं येऊन धावपट्टी उकरणार होती. त्याआधी बाळाला बापाच्या शेजारी आणून ठेवा, एवढंच आईनं मागितलं होतं.

सोबत फॅबियनमामा होता, साठी ओलांडलेला. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमागे दोरानं बांधलेल्या घसरगाडीवर लाकडं, कुदळी आणि मामानंच घडवलेली हातभर लांबीची पेटी. पेटीत आईनं आपली शाल अंथरली होती. सेलीनचं चार महिन्यांचं बाळ आईपाशी होतं. बाटली घेतली असेल का त्यानं? रडून रडून घसा बसला असेल का?

"किती वेळा मागे बघशील?" मामा म्हणाला. "पोरगं काय तळ्यावरून रांगत येणार आहे?"

"बर्फ बघतेय, मामा."

"बर्फ पुढे असतो."

मे महिन्यातला तळ्यावरचा बर्फ भरवशाचा नव्हताच. दोनदा वर साचलेल्या गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी धावपट्टी दिसली. खुरट्या झाडांमधून सरळ गेलेली करडी खडी, वरचा बर्फ वाऱ्यानं झाडून नेलेला, दोन्ही कडांना गंजलेली पिंपं. वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड कधीच फाटून गेलं होतं; खांबावर नुसती कडी करकरत फिरत होती.

त्यांनी सात पिंपं मोजली आणि जाळ केला. गोठलेली जमीन आधी शेकायची, मगच ती कुदळ घेते. मामानं जाळात तंबाखूची चिमूट आणि रोटीचा तुकडा टाकला, गेलेल्यांचा वाटा म्हणून. मग दोघं खणायला लागले. दोन हात खाली गेले. काही नाही! दुसऱ्या दिवशी जरा बाजूला पुन्हा शेकलं, पुन्हा खणलं. खडीखाली शेवाळाचा थर लागला, कुठेही न फाटलेला.

"इथं कुणी कधी खणलेलंच नाही," सेलीन म्हणाली. "मामा, ही पिंपं पहिल्यापासून इथंच आहेत?"

मामा कुदळीवर रेलून उभा राहिला.

"नाहीत," तो म्हणाला. "आत्ता ध्यानात येतंय. बाळ गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पट्टी रुंद केली. मोठी विमानं उतरावीत म्हणून. वीस-वीस पावलं दोन्हीकडे. भराव टाकून पिंपं बाहेर सरकवली."

"कुणी?"

"मी. वर रोलरही मीच फिरवला. वीस वर्षांचा होतो. रोलरवर बसवलं म्हणून गावभर मिरवलो." त्यानं पट्टीच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. "सातव्या पिंपाशी एक लाकडी खुंटी होती. वाटलं, मोजणीवाल्यांची असेल. उपटून चहाच्या जाळात घातली."

"आईनं सांगितलं नव्हतं तुला?"

"तिनं माझ्यासमोर त्याचं नावही काढलं नाही कधी. यंदापर्यंत मी समजत होतो, त्याला गावात पुरलंय."

वीस पावलं आत. तिथे छातीभर भराव होता आणि रोलरनं असा बसवलेला, की कुदळीतून ठिणग्या उडाल्या. होती नव्हती ती लाकडं जाळून झाली, तेव्हा खड्डा वीतभर झाला होता. तळ्याकडून बर्फ तडकल्याचे आवाज येत होते. मामा मात्र खणतच होता. सेलीननं कुदळीचा दांडा धरला.

"मामा, माझं बाळ आहे तिकडे."

तेव्हा कुठे त्यानं कुदळ सोडली.

सात पिंपं लोटत आणून त्यांनी त्या जागेभोवती उभी केली. सेलीननं फोटो घेतले, यंत्रवाल्यांपुढे ठेवायला. मग मामाकडे पाठ करून ती गुडघ्यांवर बसली. तीन दिवस छाती ठणकत होती. तिनं दूध खडीवर पिळलं. खडीनं ते लगेच पिऊन टाकलं.

परतताना, तळ्याच्या मध्यावर, मागचा बर्फ खचला!

"दोर काप!" मामा ओरडला.

घसरगाडी खाली चालली होती. स्नोमोबाइल मागे खेचली जात होती. सेलीन गाडीच्या मागच्या टोकावर पालथी झाली. सुरी काढली. एक घाव. दुसरा. दोर तुटला! गाडी उसळून पुढे निसटली. घसरगाडी बुडाली. पेटी तेवढी थोडा वेळ तरंगली, मग शालीसकट तीही गेली. मामा त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिला. सेलीननंच गाडी चालवली, घरापर्यंत.

आई दारात उभी होती, कडेवर बाळ. तिनं दोघांचे रिकामे हात पाहिले. मामानं टोपी काढली आणि उंबऱ्याबाहेरच सगळं सांगितलं. पिंपं, खुंटी, रोलर, काहीही न गाळता.

आईनं बाळ सेलीनकडे दिलं.

"रोलर तूच चालवत होतास?"

"मीच, ताई."

"मग त्याच्या अंगावरून पहिलं गेलं ते परकं कुणी नव्हतं," ती म्हणाली. "आत ये. गारठलायस."

ती चहा ठेवायला वळली. किटलीचं झाकण मात्र तिला काही केल्या बसवता येईना.