थोरलीचा पेराक

बाळ नुकतंच मांडीवर झोपलं होतं, म्हणून मला उठता आलं नाही. एरवी माझे सासरे, म्हणजे मुलांचे मेमे, भुताची गोष्ट काढतात तेव्हा मला स्वयंपाकघरात काहीतरी काम हमखास आठवतं. खोली उबदार ठेवणाऱ्या बुखारीत शेण्या सारून त्यांनी सुरुवात केली.

"माझी भाची कुंझेस, साबू गावातली. नव्या वर्षाचा लोसार होऊन नववा दिवस. रात्रीचे पावणेबारा. सकाळी तिचं लग्न. आईनं तिला माडीवर धाडलं, पेटीतला पेराक आणायला. आईचा पेराक थोरल्या लेकीला जातो, आणि कुंझेस तर एकुलती एक. आता तो हातात आल्यावर कोण थांबतंय? चढवला डोक्यावर. कपाळापासून कंबरेपर्यंत फिरोजांच्या ओळी.

खालून आई ओरडली, 'अगं, आरशात किती बघशील? उद्या नवऱ्यालाही थोडं बघू दे!'

'आले, आमा!' म्हणत ती काढायला गेली... निघेना."

"गाठ बसली असेल, मेमे," माझा मोठा म्हणाला.

"गाठ मारलीच नव्हती रे. ती तशीच दाराकडे निघाली. मान मागे खेचली गेली. पुन्हा एक पाऊल. पुन्हा ओढ. पाठीवर कुणीतरी लोंबकळतंय... वळावं, तर मान वळेना. ओरडावं, तर..."

मुलं एकमेकांना चिकटली.

"आई दिवा घेऊन वर आली. दारातच थिजली. कुंझेसच्या तोंडाकडे बघेना. तिच्या मागे बघत होती.

'आमा, काढ ना गं हे!'

आईनं दिवा खाली ठेवला. 'तू थोरली नाहीस, बाळा. तुझ्याआधी एक होती. आठ महिन्यांची असताना गेली. तुला कधी... सांगवलंच नाही.' मग ती मागच्या अंधाराशी बोलली. 'तुझाच आहे गं, सोन्या. दिला तुला. हिला सोड.'

ओढ सुटली. पेराक धपकन जमिनीवर पडला. दोघी खाली पळाल्या."

"मग लग्न?"

"झालं की. साध्या टोपीत. सासरच्या बायकांनी वर्षभर टोमणे मारले."

मला राहवलं नाही. "आणि पेराक?"

"सकाळी आईनं उचलला. माडीवरचा पाण्याचा हंडा गोठून फुटला होता, अशी थंडी. पण पेराकचं खालचं टोक ओलं होतं..."

मेमेंनी बुखारीचं झाकण लावलं.

"कोमट. चघळलेलं."