इथलं तिथे चालणार नाही

माणसाची संस्कृती त्याच्या ग्रंथांत नसते, सूचनांत असते, असं माझं ठाम मत आहे. "आत हात घालू नये", "उलटं धरू नये", "आधी प्लग काढावा" या तीन वाक्यांनी जितके जीव वाचवले तितके एखाद्या तत्त्वज्ञाने वाचवले असतील तर दाखवा. मी स्वतः बत्तीस वर्षं पंप, इस्त्र्या आणि मिक्सर यांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं लिहिली. भाचीच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यातलं एक पत्रक तिथे वापरात असलेलं पाहून ऊर भरून आला. चौघडी करून ते डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातलं होतं.

ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत भाची, दोन टेबलं आणि एक कायम सुकत चाललेलं झाड. मागच्या खोलीत कपाटाएवढा मोठा कॉम्प्युटर आणि त्याच्याशेजारी मौनी. मौनींचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. दिवसाला दहा वाक्यांपलीकडे जात नसल्यामुळे सगळे त्यांना मौनीच म्हणत. घरी पलंगाशेजारी ठेवायची जी श्वासयंत्रं असतात, त्यांचा प्रोग्राम ही दोघं बनवत.

मला बोलावलं होतं एक चूक सुधारायला. खरं म्हणजे चूक झाली की पडद्यावर येतो तो मजकूर सुधारायला.

"मामा, प्रोग्राम बनतो या मोठ्या धुडावर आणि चालतो यंत्रातल्या नखाएवढ्या चिपवर," भाची म्हणाली. "म्हणजे सदरा इथे शिवायचा, पण माप तिथल्या माणसाचं."

"आणि शिंप्याने चुकून स्वतःच्याच मापाची बाही लावली तर?"

"नेमकं तेच. कंपायलर म्हणजे आमचा शिंपी; तो प्रोग्राम जोडत असताना एखादा तुकडा चुकून याच कॉम्प्युटरच्या कपाटातून उचलला जातो. जोडताना बेमालूम बसतो. तिथे गेल्यावर मात्र त्याला इथल्याच गोष्टी लागतात, त्या मिळत नाहीत, आणि यंत्र अडतं."

"तिथे बसतो, पण जगतो इथल्या जिवावर," मौनी म्हणाले. त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

म्हणून कंपायलरच्या पुढ्यात त्यांनी एक छोटा प्रोग्राम बसवला होता. त्याला ते रॅपर म्हणत, मी दरवान म्हणायला लागलो. कोणी इथल्या कपाटातलं काही मागितलं की दरवान काम थांबवी आणि पडद्यावर दोन शब्द टाकी: "असुरक्षित मार्ग." कोणी मागितलं, काय मागितलं, काही नाही. महिनाभर तो रोज अडवत होता आणि मौनी रोज चाळीस हजार ओळींत मागणारा शोधत होते.

यात माझा स्वार्थ होता. भाचीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, अशाच एका यंत्रावर श्वास घेई. मी तिच्याच घरी राहतो. जुना प्रोग्राम अधूनमधून अडायला लागला होता. आधी दोन सेकंद, आता चार. त्या चार सेकंदांत अक्का माझ्याकडे बघत राही, आणि श्वास परत आला की म्हणे, "घाबरलास ना? तोंड बघ आरशात." दुसऱ्या कंपनीचं यंत्र यायला तीन आठवडे लागणार होते. नवा प्रोग्राम हाच मार्ग, आणि तो असुरक्षित.

मी दरवानाला बोलायला शिकवलं. रिकाम्या जागा ठेवून नमुना लिहून दिला: "थांबा. अमुक यांनी तमुक ठिकाणाहून ही वस्तू मागितली. ती इथली आहे. तिथे चालणार नाही."

मौनींनी वाचलं. "प्रोग्रामला 'यांनी' कशाला, काका?"

"अहो, पंपालासुद्धा मी 'कृपया' म्हणत आलोय. कोणी मागितलं हे कळायचं तर मागणाऱ्याला माणूस धरावं लागतं."

त्यांनी 'यांनी' ठेवलं. दुसऱ्या सकाळी दरवानाने मागणाऱ्याचं नाव सांगितलं. घड्याळ सांभाळणारा एक जुना तुकडा निघाला. महिनाभराचं काम पंधरा मिनिटांत झालं, भाचीने मला खुर्चीसकट गोल फिरवलं, आणि माझं पत्रक टेबलाखालून काढून तिथे पुठ्ठा घातला.

मंगळवारी, तो तुकडा काढून प्रोग्राम जोडायला घेतला तर दरवानाने पुन्हा अडवलं. पडद्यावर होतं:

"थांबा. हिने खिडकीजवळून उशी मागितली. ती इथली आहे. तिथे चालणार नाही."

भाची हसून हसून टेबलावर आडवी झाली. "मौनी, तुम्ही आणि विनोद!"

"मला उशीला वेळ आहे का?" मौनी म्हणाले. त्यांनी सगळा प्रोग्राम धुंडाळला. 'उशी' हा शब्द कुठेच नव्हता. 'हिने'ही नव्हता. पुन्हा जोडायला घेतलं तर तोच अडथळा.

गुरुवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी:

"थांबा. हिने खिडकीजवळून चष्मा मागितला. तो इथला आहे. तिथे चालणार नाही."

या वेळी मी हसलो नाही. चष्मा पुल्लिंगी. मी लिहून दिलेल्या नमुन्यात 'वस्तू'शी जुळणारं 'ती इथली' एवढंच होतं. 'तो इथला' लिहायचं तर दरवानाला व्याकरण यायला हवं होतं, आणि व्याकरण मौनींनाही येत नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीत 'बील दिली' असे.

मी बसने घरी आलो. घर तिथून चार किलोमीटर. अक्का खिडकीजवळच्या पलंगावर टेकून बसली होती. पाठीमागे दोन उशा.

"दुसरी उशी कधीपासून घेतेस?"

"मंगळवारपासून. एकीवर धाप लागते. नर्सकडे मागून घेतली. का, तुझी आहे?"

तेवढ्यात नर्सबाई बाहेरून आल्या. "आज चष्म्यासाठी किती शोधाशोध! पावणेबाराला मागितला, बारा वाजता सापडला."

पावणेबारा. मी दोनदा विचारलं. त्या दोन्ही वेळा पावणेबाराच म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा जरा रागावून. अक्काच्या यंत्राला वायर एकच होती, भिंतीतल्या प्लगची. मी वाकून पलंगाखालीसुद्धा पाहिलं.

"काय शोधतोस?"

"काही नाही."

"मग सापडेल," अक्का म्हणाली, आणि यंत्र अडलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. सहा सेकंद.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं मागच्या खोलीत उभे होतो. सकाळी घरून नर्सबाईंचा फोन येऊन गेला होता. नऊ सेकंद, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले होते, जे काही करायचं ते आज करा. मौनींनी पुन्हा जोडायला घेतलं. पडदा थोडा वेळ काळा राहिला.

"थांबा. हिने श्वास मागितला. तो इथला आहे. तिथे चालणार नाही."

भाचीने ते वाचलं. मग तिने विचारलं, "अडवू नको, फक्त इशारा दे, असं सांगता येतं ना त्याला?"

"येतं," मौनी म्हणाले. "एक शब्द बदलायचा. पण कोणी करत नाही."

"जोडलेल्यात इथलं काही आलं तर तुम्हाला तपासता येईल?"

"तुकडा न् तुकडा."

"मामा?"

बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की इशारा वाचल्याशिवाय बटण दाबू नये. इशारा मी वाचला होता, लिहिलाही मीच होता.

"जाऊ दे म्हणावं त्याला," मी म्हणालो.

मौनींनी तो शब्द बदलला. पडद्यावर तेच वाक्य आलं, फक्त सुरुवातीचं 'थांबा' गेलं होतं. मग प्रोग्राम तयार झाला. मौनींनी तीन तास तपासला. सगळे तुकडे तिथले होते. इथला एकही नव्हता.

संध्याकाळी सहाला भाचीने स्वतः तो यंत्रात भरला. अक्काने नव्या प्रोग्रामवर पहिला श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "वास कसला येतोय? तापलेल्या धुळीचा." एवढंच. यंत्र अडलं नाही. रविवारीही अडलं नाही. ओठांना रंग आला, आणि तिने मला दाढी नीट कर म्हणून सांगितलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ओळखलं की ती बरी आहे.

सोमवारी मी पेढ्यांऐवजी वेफर्सचा पुडा घेऊन ऑफिसात गेलो. मौनी पडद्याकडे पाठ करून बसले होते.

"ऐका," ते म्हणाले.

मोठ्या कॉम्प्युटरचा पंखा एरवी एकसुरी घोंघावे. आता तो चढत होता, क्षणभर थांबत होता, उतरत होता. पंपाचे ठोके मोजायची मला जुनी सवय. मिनिटाला चौदा.

अक्काचं यंत्र चौदावर लावलेलं होतं.

मी घरी फोन लावला. "अक्का, फोन जरा यंत्राजवळ धर."

"आता श्वास काय ऐकतोस? जेवलास का?"

"धर ना."

तिने धरला. एका कानात ते, दुसऱ्या कानात पंखा. वर. थांब. खाली. दोन्हींमध्ये नखाएवढीही फट नव्हती.

मौनी उठले. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल त्यांनी कॉम्प्युटरच्या जाळीवर धरला. दोन सेकंद, फार तर तीन.

फोनवर अक्का खोकायला लागली.

मौनींनी टॉवेल काढला. खोकला थांबला.

"कोणीतरी तोंड दाबल्यासारखं झालं रे," अक्का म्हणाली. "बरं, येताना लिंबं आण."

भाचीला आम्ही सांगितलं. ती जाळीवर हात ठेवून उभी राहिली. जुना प्रोग्राम परत घालायचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. नऊ सेकंद सगळ्यांनाच पाठ होते. वीज गेली तर म्हणून मौनींनी मोठ्या कॉम्प्युटरला बॅटरी जोडली आणि ती किती टिकते ते मोजलं. सात मिनिटं. मोठी बॅटरी शुक्रवारी येणार होती.

मग भाची म्हणाली, "मामा, स्विचपाशी लावायला एक पाटी लिहून द्या."

मी कागद घेतला. कोण, कुठून, काय. तीन गोष्टी सांगितल्याशिवाय सूचना पुरी होत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं. तासभर बसलो. शेवटी लिहिलं, "हे बंद करू नये", आणि चिकटवलं.

बुधवारी सकाळी ऑफिसात मी एकटाच होतो. भाची आणि मौनी बॅटरी लवकर मिळते का ते बघायला गेले होते. मी मागच्या खोलीत बसून मोजत होतो. चौदा. चौदा. चौदा.

जिन्यावर शिडी आपटल्याचा आवाज आला. इमारतीचा वायरमन दारात उभा होता, खांद्यावर वायरचं वेटोळं, कानावर पेन्सिल. भला माणूस. त्याने चप्पल दाराबाहेर काढली, आत येऊन पाटी वाचली.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी."

"कारण नाही लिहिलं, काका."

"नाही."

त्याने पाटीकडे आणखी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. वेफर्सचा पुडा पुढे केला तर त्याने एक घेतला.

"खालच्या मजल्याची फेज गेलीय," तो म्हणाला. "मीटर सगळ्यांचा एकच. फक्त दहा मिनिटं मेन बंद करू का?"