निळ्या सदऱ्याची पट्टी

एक होता पेंटर, एक होती त्याची बायको आणि एक होता पेंटरचा थोरला भाऊ. राहायची तिघं एकाच घरात, पण स्वयंपाकघरात ताटं मांडली जायची दोनच. तिसरं कुठं जायचं ते सांगते, आधी दार लोटून घ्या. ही काही ऐकीव गोष्ट नाही. पेंटरचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्याच्या बायकोनं मला सांगितलं तसंच सांगतेय, पदरचं एक अक्षर घालत नाही.

थोरला फौजेत होता. लढाईत गुडघ्याखाली लागलं. पाय वाचला, जखम मात्र भरली नाही. वरून खपली धरायची, आतून पू. मागच्या खोलीत त्याची खाट टाकली होती. पेंटर नाकाला रुमाल बांधायचा, ताट उंबऱ्याशी ठेवायचा आणि झाडूच्या दांड्यानं आत सरकवायचा. सख्खा भाऊ बरं का. रात्री त्या खोलीला बाहेरून कडी, का तर वास घरभर होतो म्हणे. वास काय कडीला विचारून थांबतो? पट्टी ज्याची त्यानं बदलायची. ते बघून मलाही किळस यायची, पण जखमेची नव्हे.

त्यात पेंटरच्या बायकोला दिवस गेले. लहान जीव येणार, घरात असली घाण नको, म्हणून पेंटरनं दुसऱ्या गावच्या अपंगांच्या वसतिगृहात भावाची सोय लावली. गुरुवारी संध्याकाळी गाडी येणार होती, न्यायला. बायकोला ते पटत नव्हतं, पण बोलायची सोय नव्हती.

आणि गंमत बघा, त्याच गुरुवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात उद्घाटन होतं. कसलं? तर लढून आलेल्या जवानांचे आभार मानणाऱ्या चित्राचं. भिंतभर चित्र, आणि काढणारा आमचाच पेंटर. हात चांगला होता मेल्याचा. ओळीनं सलाम ठोकणारे जवान, गाल गुलाबी, बूट चकचकीत, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. मधल्याला त्यानं भावाचा तरुणपणीचा चेहरा दिला होता. वर मोठ्या अक्षरांत, ‘आम्ही तुमचे कृतज्ञ आहोत.’ नगराध्यक्षांनी येऊन बघितलं, खूश झाले. म्हणाले, तुमच्या भावाला पहिल्या रांगेत बसवू. पायावर चादर टाका, थोडं अत्तर मारा, म्हणजे झालं.

हे सभागृह म्हणजे लढाईच्या दिवसांत जखमींना ठेवायची जागा. थोरला स्वतः तिथंच पडून होता. चित्र सुरू झालं तेव्हा त्यानं मागच्या खोलीतूनच विचारलं होतं, खिडकीसमोरच्या भिंतीवर काढतोस का? तिथं आमच्या खाटा होत्या. वासामुळं जवळ कुणी यायचं नाही. फडकं मिळायचं नाही, मग आम्ही हात भिंतीला पुसायचो.

पेंटर हं म्हणाला आणि निघून गेला. डाग त्यानं बघितले होते. खाटेच्या उंचीवर तपकिरी डाग, बोटं ओढल्यासारखे. आता त्याची कामाची एक रीत होती. जुनी भिंत खरवडली, की तो चुरा टाकून द्यायचा नाही. चाळायचा, सरसात कालवायचा आणि त्याचीच पुट्टी करून भिंतीला भरायचा. भिंतीचं भिंतीला, म्हणायचा. इथंही तेच केलं. डाग खरवडले, चाळले, कालवले आणि सगळ्या भिंतीला लिंपले. त्याच्यावर गुलाबी गाल काढले.

बुधवारची रात्र. अमावास्येची. जेवण झाल्यावर पेंटर निघाला. शेवटच्या अक्षरांना कडा द्यायच्या होत्या, बाकी काम काही नव्हतं. बायकोला म्हणाला, तासाभरात येतो. खांद्यावर फडकं होतं, जुना निळा सदरा फाडून केलेलं. मागच्या खोलीला कडी घातली आणि गेला.

सभागृह उघडलं. दिवा लावला. शिडीवर चढला.

वास आला.

त्याला वाटलं, सरस नासला असेल. नाहीतर उंदीर मेला असेल कुठं. खाली उतरला, खुर्च्यांखाली बघितलं. काही नाही. वास ओळखीचा होता. घरचा.

मग त्यानं भिंतीकडं बघितलं. जवानांच्या कमरेशी रंगाला फोड आला होता. लिंबाएवढा. ओल धरली की रंग फुगतो, हे त्याला माहीत होतं. पुट्टी भरायच्या पत्रीचं टोक लावलं. फोड फुटला... आतून कोमट काहीतरी मनगटावर ओघळलं. तपकिरी. बुळबुळीत.

तो तिथंच ओकला.

रुमाल बांधला नाकाला. फडकं काठीला गुंडाळलं आणि लांबून पुसायला लागला. जितकं पुसावं तितकं वाहत होतं. शेजारी दुसरा फोड. मग तिसरा. खाटेच्या उंचीवर, ओळीनं. गुलाबी गाल वरून हसतायत, आणि खाली भिंत पाझरतेय...

पळाला. दार ओढलं. हललं नाही. बाहेरून कडी.

कुणी घातली असेल...

मागून आवाज आला. ओरडणं नव्हे. झोपेत कुशी वळतात ना, तसा. खाट करकरल्यासारखा. मग आणखी एक. आणि अगदी हळू...

“पुसतोस का रे?”

दिवा गेला.

अंधारात तो किती वेळ उभा होता, त्याचं त्याला कळलं नाही. मोबाइल शिडीवर राहिलेला. पाय घसरला, तोल गेला, आणि उघडा तळहात भिंतीला टेकला. थेट त्या घाणीत. आता पुन्हा ओकारी येणार, म्हणून त्यानं डोळे मिटले...

हाताखालची जागा कोरडी झाली.

त्यानं हात बाजूला सरकवला. तिथंही कोरडी. मग रुमाल सोडला. काठी फेकली. फडकं कुठं पडलं होतं कुणास ठाऊक, ते शोधलंही नाही. हातानंच पुसायला लागला. हळू. दुखेल म्हणून हळू. भिंतीला काय दुखणार? पण पुसत होता. एकेकाचा श्वास सुटल्यासारखा आवाज यायचा, मग गप्प. पुढची जागा. मग गप्प.

मधला राहिला होता. भावाच्या तोंडाचा. गुडघ्याखाली चाचपलं... तिथला फोड उशीएवढा. पेंटर खाली बसला. दोन्ही हात ठेवले.

“दादा,” म्हणाला.

आणि पुसायला लागला.

फटफटलं तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. भिंत कोरडी. चित्र जसंच्या तसं, सलाम ठोकणारं. हात बघितले, स्वच्छ. निळं फडकं तेवढं कुठंच नव्हतं. खुर्च्यांखाली, शिडीमागं, सगळीकडं शोधलं. नाही.

घरी आला तो थेट मागच्या खोलीकडं. कडी त्यानं रात्री घातली तशीच होती. काढली. रुमाल न बांधता आत गेला. थोरला खाटेवर उठून बसला होता, आणि त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते पेंटरनं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

“काल आलास ते बरं केलंस,” थोरला म्हणाला. “हात हलका आहे तुझा. उगाच घाबरत होतास.”

पेंटरनं पायाकडं बघितलं. जखम धुतलेली. त्यावर पट्टी, निळ्या सदऱ्याची. टर्पेंटाइनचा वास येत होता. काजाचं भोक कडेला तसंच होतं. बायको दारात उभी. तिनं शपथेवर सांगितलं, रात्रभर कडी वाजली नाही, माझा डोळा लागलेला नव्हता.

मी नव्हतो, असं म्हणायला पेंटरनं तोंड उघडलं... आणि मिटलं. खाली बसला. भावाचा पाय मांडीवर घेतला.

उद्घाटनाला थोरला पहिल्या रांगेत बसला. कुणीतरी चादर आणून टाकली, ती पेंटरनं सगळ्यांदेखत काढून घडी घातली. अध्यक्षांनी आधीच नाकाला रुमाल लावला होता. लावून बसले बिचारे, वास कसलाच नव्हता. संध्याकाळी गाडी आली. पेंटरची बायको पुढं झाली आणि म्हणाली, पत्ता चुकलाय तुमचा. गाडी रिकामी गेली.

निळी पट्टी धुवायला म्हणून सोडायला गेले तर गाठ सुटेना. पेंटरला सुटली नाही, बायकोला नाही, मलाही नाही. तशीच पायातून ओढून काढली. अजून आहे त्यांच्याकडं, गाठीसकट. आतली जखम त्या दिवसापासून कोरडी पडत गेली आणि महिन्याभरात भरली. मग मुलगी झाली त्या घरात. खणखणीत. थोरला काठी टेकत तिला अंगणभर फिरवायचा, आणि जेवायला तिघं एका ओळीत बसायची, मांडीवर ती पोर. आता तर तिचं ताट धरून चार लागतात.