टेबलाचा हरवलेला अर्धा भाग

"अर्धंच टेबल कोण चोरतं?" हॉलमध्ये फेऱ्या मारत दादाने विचारलं.

"ज्याच्याशी खेळायला कुणी नाही, तो!" ढोल्या म्हणाला. "बसला असेल बिचारा एकटाच भिंतीवर बॉल आपटत!"

मिरीला हसू फुटलं, पण आत्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. टेकडीवरच्या या वस्तीतल्या मुलांसाठी आत्याच्या मंडळाने मोठ्या हौसेने टेबल टेनिसचं टेबल दिलं होतं, दोन भाग जोडून होणारं. त्यातला एक भाग अधूनमधून गायब व्हायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. शेवटी आत्याने हॉलला कुलूप घातलं, तर कुणीतरी कुलूप फोडून तो कायमचाच नेला!

"चांगलं करायला जावं, तर हे असं!" आत्या फणफणली. "उद्या मिस्त्री येतोय. उरलेला भाग जमिनीत ठोकूनच टाकते. बघू कोण नेतं ते!"

"आत्या, चोर आम्ही पकडतो!" दादाने छाती फुगवली. सुट्टी लागली की त्याच्या अंगात गुप्तहेर संचारायचा. मिरी त्याची धाकटी बहीण आणि ढोल्या आत्याचा मुलगा, त्यामुळे दोघांनाही त्याच्यामागे फरफटत जावं लागायचं.

वस्तीतून रस्त्यावर उतरायला एकच वाट होती, अरुंद पायऱ्यांची. मिरी मधेच थांबली. प्रत्येक वळणावर भिंतीला टेबलाचा हिरवा रंग घासला होता, मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर.

"टेबल उभं धरून नेलं असतं तर कुठेच घासलं नसतं," ती म्हणाली. "मग असं आडवं, खांद्यावर का नेलं?"

"वर काहीतरी ठेवलं असेल. मी असतो तर जेवणाचा डबा ठेवला असता!" ढोल्या म्हणाला.

हिरव्या खुणा संपल्या त्या खाली, रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानापाशी. मागे ताडपत्री होती. दादाने ती ओढली मात्र, एक मुलगी वाऱ्यासारखी येऊन आडवी उभी राहिली. वस्तीत तिला भिंगरी म्हणत.

"हात लावू नका! ते आईचं आहे!"

"आईचं? ते आमच्या मंडळाचं आहे," दादा म्हणाला. "तुझी आई टेबल टेनिस खेळते?"

भिंगरीने ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. "आईला दमा होता. दम लागला की बाबा आणि शेजारचे तिला यावर बसवून खाली आणायचे. वर गाडी येत नाही. आमच्या घरांना दारं पण नाहीत, काढून त्यावर न्यायला. पडदेच आहेत. आई बरी होऊन आली की आम्ही हे पुसून परत ठेवायचो. मग कुलूप लागलं. बाबांनी किल्लीसाठी मंडळाच्या बाईंना किती फोन केले! फोन बंदच होता. शेवटी फोडलं कुलूप. पण तोवर आई बोलायची थांबली होती. ती घरी परत आलीच नाही."

 मिरीला कुलूप फुटलं ती दुपार आठवली. ते सगळे सर्कशीला गेले होते, आणि "आज फक्त भाचरांचा दिवस!" म्हणत आत्याने फोन बंद करून ठेवला होता.

"अगं, पण तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?" दादाचा आवाज पार उतरला होता.

"कुणी विचारलंच नाही. टेबल ठेवलं, फोटो काढले आणि गेले. आता परत दिलं तर तेही ठोकून टाकाल, वस्तीत कळलंय सगळ्यांना. शेजारच्या काकूंचे दिवस भरत आलेत. त्यांना कसं न्यायचं?"

ढोल्याने नाक पुसलं. "उद्या मी पडतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने यंत्र चालू केलं आणि बाहेर बोंब उठली. "आई गं! माझा पाय!"

आत्या धावली. "माझं लेकरू! अरे, गाडी बोलवा कुणीतरी!"

"इथे गाडी येत नाही, आत्या," मिरी म्हणाली.

खुर्चीत बसवून पाहिलं, तर खुर्ची पहिल्याच वळणावर अडकली. मंडळाच्या खजिनदारकाकांनी ढोल्याला पाठुंगळी घेतलं आणि दोन पायऱ्यांत त्यांना घाम फुटला! तेवढ्यात दादा आणि भिंगरी हिरवी फळी घेऊन आले. मिस्त्री, काका, आत्या, सगळ्यांनी खांदा दिला. ठेचकाळत, धापा टाकत एकदाचे ते रस्त्यावर पोचले.

"किती हा वेळ!" आत्या रडकुंडीला आली. "याच्या जिवाला काही झालं असतं तर?"

ढोल्या हळूच उठून उभा राहिला. "आई, मला काही झालेलं नाही. भिंगरीच्या आईला झालं होतं."

आणि मिरीने सगळं सांगितलं. सर्कशीचंही. सांगताना तिला रडू आवरेना. आपल्या पंक्चरच्या दुकानातून भिंगरीचे बाबा बाहेर आले होते. 

आत्या त्या फळीवरच बसली.  मग तिने मिस्त्रीला परत पाठवलं आणि हॉलची किल्ली बाबांच्या हातात दिली.

"शाब्बास पोरांनो!" खजिनदारकाका घसा खाकरत म्हणाले. "आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही शोधलंत." एरवी दादा हवेत तरंगला असता. आज त्याने मान वर केली नाही.

आत्याने भिंगरीला जवळ ओढलं. "चुकलं गं माझं! आता घरोघरी जाऊन विचारते. तुझ्यापासूनच सुरुवात करते. इथे सगळ्यात आधी काय हवं, सांग."

भिंगरीने खूप विचार केला.

"हे आईला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तिला सगळ्यांचं माहीत असायचं."