साध्या खाद्याची रांग

वळणावर रस्त्याच्या मधोमध एक पांढरा ससा बसलेला दिसला, तशी तिने स्कूटर बाजूला लावली. एका हाताने मानेवरची सैल कातडी धरली, दुसरा तळवा मागच्या पायांखाली दिला आणि त्याला अलगद छातीशी घेतलं. तेवढ्यात कुंपणाआडून एक तरुण धावत आला.

"कान धरून नाही उचललात," तो धापा टाकत म्हणाला.

"तुमचे कान धरून कोणी उचललं तर चालेल?"

"उचलणारं कोण, त्यावर आहे."

ती पशुपोषणाची विद्यार्थिनी, प्रबंधासाठी ससेपालन करणारं कोणीतरी शोधत होती. त्याच्याकडे दोनशे ससे होते. तासाभरात ठरलंसुद्धा... चाळीस पिल्लं, पिंजऱ्यांच्या दोन रांगा. एका रांगेच्या खाद्यात शेवग्याच्या पानांची पूड, दुसरीला नुसतं साधं खाद्य. कोण लवकर वाढतं, कोण लवकर वयात येतं, ते बघायचं.

दर मंगळवारी ती यायची. तो ससे काट्यावर ठेवायचा, ती वजन लिहायची.

"मादी वयात आली, हे ओळखायचं कसं?" त्याने एकदा साळसूदपणे विचारलं.

"दहा वर्षं ससे पाळताय. माहीत नाही?"

"तुमच्याकडून ऐकलेलं बरं..."

तिने वहीत डोकं घातलं. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या.

सातव्या आठवड्यात साधी रांग एकाएकी वजनाला भरली. तिने दोनदा मोजून पाहिलं.

"यांना काही दिलंत?"

"पूड... पंधरा दिवस झाले, चिमूट चिमूट." त्याची मान खाली. "शेजारच्यांच्या खाद्याचा वास आला की ही जाळीला नाकं लावून बसायची. मला बघवेना."

"माझे सात आठवडे वाया गेले, कळतंय का?" वही मिटून ती तडक निघाली.

दोन दिवस ती धुमसत राहिली. पण काटा बिघडलाय असं तो म्हणाला असता, तर तिने विश्वास ठेवला असता. तो खोटं बोलला नव्हता. तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, पहिल्यापासून कर. तिने त्याला फोनवर तेवढंच कळवलं.

मंगळवारी ती गेली, तर त्याने नवी पिल्लं निवडून एक रांग मागच्या शेडमध्ये हलवली होती. "आता वास पोचत नाही," तो म्हणाला. "आणि पुडीचा डबा तुमच्याकडेच ठेवा. माझा काही भरवसा नाही."

या खेपेला आकडे खणखणीत आले. पूड खाणारे ससे वजनाला सरस ठरले, माद्याही दहाएक दिवस आधी वयात आल्या. शेवटचं वजन लिहून तिने पेन बंद केलं.

"म्हणजे... झालं काम," तो म्हणाला.

"झालं."

तो हातातला ससा उगाच कुरवाळत राहिला. "पहिल्यापासून करायचं म्हणालात ना, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. पण आनंद झाला. बारा मंगळवार आणखी मिळाले म्हणून."

"सरांच्या खोलीतून मी तरी कुठे रडत बाहेर पडले?" ती हळूच म्हणाली. "हसू आवरत नव्हतं."

"मग... राहशील इथे? कायमची?"

तिने उत्तर द्यायच्या आत घरातून त्याच्या आईने चहाला हाक मारली. आजवर ती त्यांना काकू म्हणायची.

"आले हं, आई," ती म्हणाली आणि घराकडे वळली. तो सशाला घेऊन तसाच उभा राहिला.