बारा नंबरचं केंद्र

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती लिहीत असलेल्या सॉफ्टवेअरने तिच्या नाकी नऊ आणले होते. काम ऐकायला साधंच होतं. हवामानाची अकरा केंद्रं, प्रत्येकाकडून दर दहा मिनिटांनी एक फाइल यायची. सॉफ्टवेअरने तिची पहिली ओळ वाचायची, केंद्राचा नंबर, तारीख आणि वेळ जोडून नाव द्यायचं आणि त्या-त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची. इतकी वर्षं ऑफिसातले जुने कारकून, सगळ्यांचे काका, हे हाताने करत आले होते. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते, आणि साहेबांनी तिला बजावलं होतं, "त्यानंतर एक जरी फाइल अडली, तरी जबाबदारी तुमची."

फाइली म्हणजे एकेक नमुना. एक केंद्र तारीख उलटी लिहायचं, दुसऱ्याचं घड्याळ पाच तास मागे. ते सगळं निस्तरून तिने चहाचा कप उचलला, तोच मोबाइल वाजला. अनोळखी नंबरची फाइल आली की तिच्यातले आकडे मोबाइलवर यावेत, अशी सोय तिनेच केली होती.

केंद्र १२. तापमान २३. वारा ०.

"काका, केंद्रं अकराच ना?"

"अकराच."

तिने फाइल पुसली. दहा मिनिटांनी पुन्हा आली. तिने बारा नंबरला बंदी घातली, तरी आली. चौथ्यांदा आली तेव्हा तिने माऊस टेबलावर आपटला. "डोक्याला नुसता ताप झालाय! येतंय कुठून हे?"

काका उठून तिच्या खुर्चीमागे आले. वाकून स्क्रीनवरचा नंबर वाचला.

"बारा नंबर डोंगरावरचं, ताई. तीन वर्षं झाली बंद करून. तिथला निरीक्षक भर दुपारी आकडे घ्यायला बाहेर पडला, तो परत आलाच नाही. खूप शोधलं. मग यंत्र काढून आणलं... खाली स्टोअरमध्ये पडलंय."

"मग बॅटरी राहिली असेल त्यात!" तिला हायसंच वाटलं. "चला, काढून टाकू."

काकांच्या जिवावर आलं होतं, पण आले.

स्टोअर तळघरात. खिडकी एकही नाही. दार उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा आणि गंजलेल्या लोखंडाचा कुबट वास अंगावर आला. दिवा लागायला वेळ घेत होता, फडफडायचा, विझायचा. कोपऱ्यात प्लास्टिकखाली यंत्र होतं. तिने प्लास्टिक ओढलं, गुडघ्यावर बसून मागचं झाकण उघडलं.

बॅटरीची जागा रिकामी होती. केबल तर मुळापासून कापलेली.

"हे कसं शक्य आहे?" ती पुटपुटली.

"ताई..." काकांचा आवाज एकदम खाली गेला. "वर बघा..."

वारा मोजायच्या तीन वाट्या फिरत होत्या. अगदी सावकाश. आवाज न करता. त्या बंद खोलीत तिच्या कपाळावरची बटसुद्धा हलत नव्हती.

"चला इथून," काका म्हणाले. दोघं जिना चढून वर आले. वर पोचल्यावर तिला भीतीपेक्षा राग जास्त आला. तीन दिवस पाण्यात गेले होते, आणि साहेबांना सांगायचं काय? वाट्या फिरत होत्या म्हणून?

तिने नुकत्याच आलेल्या दोन फाइली पूर्ण उघडल्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पूर्वी निरीक्षक त्यात काही लिहीत असत. आता अकराही केंद्रांवर तो कोराच असायचा.

पहिल्या फाइलीत लिहिलं होतं, 'दोघं आले.'

दुसरीत, 'तिघं गेले.'

"कोणीतरी चेष्टा करतंय," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच परका वाटला.  काका दाराकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, डबा पिशवीत भरला आणि पाच वाजायच्या आत पहिल्यांदाच घरी गेले.

ती मात्र हटून बसली. बारा नंबरचा फोल्डरच उडवला, नियम नव्याने लिहिले, आणि आता नुसते आकडे नाही, शेऱ्यासकट पूर्ण फाइल मोबाइलवर यावी अशी सोय केली. तासभर वाट पाहिली. अकरा केंद्रांच्या फाइली शहाण्यासारख्या आल्या, आपापल्या जागी जाऊन बसल्या. बारा नंबर गप्प. साहेब येऊन बघून गेले, "झालं एकदाचं," म्हणाले. तिलाही तसंच वाटलं.

नवरा यायला अवकाश होता. घरात शिरून तिने दाराला कडी घातली, मोबाइल पलंगावर टाकला आणि थेट न्हाणीघरात गेली. कढत पाण्याखाली ती कितीतरी वेळ उभी राहिली. खांदे सैल झाले. तीन दिवसांचा वैताग पाण्याबरोबर वाहून गेला.

टॉवेल गुंडाळून बाहेर आली तर मोबाइलवर मेसेज होता. पाच मिनिटांपूर्वीचा.

केंद्र १२. तापमान ३४. आर्द्रता ९९. वारा ०.

शेरा : वाफ फार. चेहरा नीट दिसत नाही.